पेटी लहान पडली

वारजे,
६ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

काल दिवसभर तुम्हाला फोन करत होते. शेवटी वासंतीकाकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "अगं, फोनवर त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. तू लिहून पाठव. लिहिलेलं नाकारता येत नाही." म्हणून हा ई-मेल, वर गाव, तारीख घालून, तुम्हाला आवडतो तसा.

मांजरी गावच्या ऊस संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतून शर्मिलाचा निरोप आलाय. आपला रेणू पुन्हा चिकटला नाही. वर तिने मला माझंच व्याख्यान ऐकवलं. "ऊस तोडला की त्यातलं एक विकर साखर फोडायला लागतं, साखरेचा उतारा घटतो. तुमचा रेणू त्या विकरावर बसतो, विकराची सैल शेपटी त्याच्यावर झाकणासारखी येते आणि मग तो सुटत नाही. असंच म्हणाली होतीस ना? मग आमच्या परीक्षानळीत तो पाच मिनिटंसुद्धा का टिकत नाही?" आता काय सांगू तिला? आपल्या दोघांच्या नावाचा पेपर आहे, सिम्युलेशनमध्ये ते झाकण दर वेळी बसतं, आलेख स्वच्छ आहे. तो पेपर वाचूनच त्यांनी पुढच्या गळीत हंगामात शेतावर चाचणी घ्यायची तयारी सुरू केली आहे.

सर, विकर, रेणू आणि पाणी ज्या पेटीत ठेवून आपण सिम्युलेशन चालवतो, तिच्या बाजूची जी लांबी आपल्या सुरुवातीच्या फाईलमध्ये दिलेली आहे, ती कशावरून ठरवली होतीत? मला एक शंका येते आहे. कृपया उत्तर द्या. "बघू" हे उत्तर नाही.

आपली,
दीक्षा


कोथरूड,
९ जानेवारी

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद.

बघू.

प्रयोग करणाऱ्यांच्या बाबतीत माझं मत तुला ठाऊक आहे. त्यांचं पाणी अशुद्ध, काच अर्धवट धुतलेली, आणि दोष आपल्या गणिताला. शर्मिलाला सांग, आधी स्वतःचं विकर जिवंत आहे का ते तपास.

पेटीची बाजू मी विचार करून ठरवली होती. माझ्या आठ विद्यार्थ्यांनी तीच वापरली, आठही जण आज प्राध्यापक आहेत. नववी तू. तुझा कायम नोकरीचा इंटरव्ह्यू मार्चमध्ये आहे आणि वयाची मर्यादा यंदा संपते, हे तुला पुन्हा सांगायला नको. पुढच्या वर्षी तुला अर्जही करता येणार नाही. बारा वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर काढलीस, आता शंका काढत बसण्याची ही वेळ नव्हे. पहिल्या स्लाइडवर शेपटीचा आलेख टाक. लोक तुला त्या शेपटीवरूनच ओळखतात.

इथे मला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा अध्यक्ष केलं आहे. टाकी गळते हे सर्वांना मान्य आहे, पण कुठून गळते हे पाहायला कोणीही वर चढत नाही. असो.

तुझा,
श्यामसुंदर मेहेंदळे


वारजे,
२७ जानेवारी

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मी वर चढले.

दोन आठवडे संस्थेच्या कॉम्प्युटरवर नंबर मिळत नव्हता, मिळाला तेव्हा वीज गेली. वीज आली तेव्हा कुणीतरी माझं काम मधेच थांबवून स्वतःचं लावलं होतं. त्या सगळ्यातून तगून मी मोठ्या पेटीत सिम्युलेशन चालवलं. झाकण बसत नाही, सर. एकदाही नाही. रेणू येतो, जरा रेंगाळतो आणि निघून जातो. शर्मिलाच्या परीक्षानळीत होतं तेच.

काय झालं ते सांगते. आपल्या पेटीला भिंती नसतात. सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांत दिसतात तशा तिच्या प्रती सगळीकडे पसरलेल्या असतात. उजवीकडून जे बाहेर जातं ते डावीकडून आत येतं. विकराची शेपटी सुरुवातीला गुंडाळलेली असते, त्यामुळे पेटी पुरेशी वाटते आणि प्रोग्रामही तक्रार करत नाही. नंतर ती उलगडते, पेटीबाहेर पडते आणि शेजारच्या प्रतीतल्या रेणूवर जाऊन बसते. अंतर मोजताना प्रोग्राम सगळ्यात जवळची शेपटी धरतो. ती स्वतःची की शेजाऱ्याची, हे तो विचारत नाही. आपणही विचारलं नाही. आलेख पाहून खूश झालो.

तुमची पेटी तुम्ही ज्या प्रथिनावर काम केलं त्याच्यासाठी बरोबर होती. ते लहान आणि गुटगुटीत होतं. पण पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला तुम्ही एक पेढा आणि ती फाईल देता आणि सांगता, "यात फक्त नाव बदलायचं, बाकी हात लावायचा नाही." मी नाव बदललं. हात लावला नाही. पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही मी तीच फाईल दिली, पेढ्यासकट. सगळ्या देशात प्रथिनांवर काम करणारे एवढे लोक आहेत, पण ही चूक फक्त आपल्याच घराण्यात होऊ शकत होती.

पेपर मागे घ्यायला हवा. संपादकांशी पत्रव्यवहारासाठी तुमचं नाव दिलेलं आहे, त्यामुळे तुमची सही लागेल. मजकूर मी लिहिते.

आपली,
दीक्षा


कोथरूड,
३० जानेवारी

चि. दीक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुपारी जेवलो नाही. वासंतीने विचारलं, "पोट बिघडलंय की दीक्षा?"

गणित मी तपासलं. तू म्हणतेस ते बरोबर असावं. पण पेपर मागे घेण्याची ही कुठली घाई? इंटरव्ह्यू होऊ दे. एप्रिलमध्ये आपण दोघं बसू, सभ्य भाषेत चार ओळी लिहू, पाठवून देऊ. तोवर मांजरीच्या लोकांना म्हणावं, चाचणी जरा पुढे ढकला. कारण सांगायची गरज नाही, सरकारी संस्थेत कारण कुणी विचारत नाही.

विज्ञानात चुका होतात. मीही एकदा एक निष्कर्ष मागे घेतला होता. कोणी मला फासावर दिलं नाही. तू उगाच जिवाला लावून घेतेस. हट्टीपणा हा तुझा मोठा गुण आहे, पण तो तू नेहमी चुकीच्या दिवशी काढतेस.

तुझा,
श्या. मेहेंदळे


वारजे,
३ फेब्रुवारी

आदरणीय सर,

तुम्हाला कोणी फासावर दिलं नाही, हे मला माहीत आहे. तुमची ती गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितली जाते, आदर्श म्हणून. तुम्ही चूक मान्य केलीत की तो मोठेपणा. मी केली की "वाटलंच होतं."

तुम्ही म्हणाल, नसत्या गोष्टी मधे आणू नकोस. त्या मी आणलेल्या नाहीत. पीएचडीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकाने विचारलं, "तुमचा कट-ऑफ काय होता?" 'तुमचा' म्हणजे माझ्या एकटीचा नव्हे. प्रवेश परीक्षेच्या यादीत मी त्याच्या वर होते आणि त्याला ते माहीत होतं. तुम्ही शेजारच्या टेबलावर चहा पीत होता. तुम्हाला ऐकू आलं नसेल. वासंतीकाकू म्हणतात ते मला पटतं.

म्हणजे किंमत काय पडणार, ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. आईने वारज्याच्या विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की पोरगी मार्चमध्ये पर्मनंट होणार. रविवारी वंदना झाली की बायका माझ्याकडे बघून हसतात. मला ती नोकरी हवी आहे, सर. इतकी हवी आहे की स्वतःचाच राग येतो. पण ज्या आलेखावर ती मागायची तो खोटा आहे, हे ठाऊक असताना पहिल्या स्लाइडवर तो टाकून मी उभी राहू शकत नाही. आणि मांजरीचे लोक तिकडे वाफे आखताहेत.

समितीसमोर मी ही चूकच मांडणार आहे. ती कशी होते, कशी पकडायची, आणखी कुणाकुणाच्या कामात असू शकेल. बारा वर्षांत माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. मजकूर सोबत जोडला आहे. मला सल्ला नको, सही हवी.

दीक्षा


कोथरूड,
१९ फेब्रुवारी

चि. दीक्षास अनेक उत्तम आशीर्वाद.

काम केलं! दोन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून चिडली असशील, पण मी स्वस्थ बसलो नव्हतो.

तुझं पत्र वाचून मी अस्वस्थ झालो. कॅन्टीनमधलं मला खरंच आठवत नाही. पण किंमत तुलाच पडेल हे तुझं म्हणणं मला पटलं, आणि ते पटल्यावर उपायही सुचला. तुझा मजकूर मी वापरला नाही. संपादकांना स्वतःच्या नावाने निवेदन पाठवलं, ते काल त्यांच्या संकेतस्थळावर आलंसुद्धा: "या पेपरातील गणित माझ्या सूचनेनुसार करण्यात आले होते. त्यातील त्रुटी माझ्या लक्षात आली असून तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. डॉ. दीक्षा ओव्हाळ यांनी केवळ दिलेले काम केले. त्यांचा यात काहीही दोष नाही."

आता तुझ्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नाही. माझं काय, मी निवृत्त माणूस, टाकीचा अध्यक्ष. तू निर्धास्त मनाने इंटरव्ह्यूला जा. वासंतीने तुझ्यासाठी गुळाच्या वड्या केल्या आहेत, येऊन घेऊन जा.

तुझा,
श्यामसुंदर मेहेंदळे


वारजे,
२० फेब्रुवारी

सर,
जय भीम.

घरच्या सगळ्या पत्रांची सुरुवात मी अशीच करते. तुम्हाला इतकी वर्षं "सप्रेम नमस्कार" लिहीत आले. आज तेवढी सवड नाही.

तुम्ही मला निर्दोष केलंत. म्हणजे बिनडोक केलंत. "केवळ दिलेले काम केले." मी चाळीशीला आलेली बाई आहे, सर, माझ्या हाताखाली तीन विद्यार्थी आहेत. तुमची ती फाईल सोडली, तर त्या पेपरातली एकही ओळ मी तुमच्या सूचनेनुसार लिहिलेली नाही. ती शेपटी पहिल्यांदा पाहिली मी, तिच्यावर विश्वास ठेवला मी, आणि ती खोटी आहे हे शोधलंही मीच. "माझ्या लक्षात आली"? तुमच्या लक्षात माझं पत्र आलं!

चूक आपल्या दोघांची होती. ती तुम्ही सगळीच्या सगळी घेतलीत, आणि सोबत माझा शोधही घेऊन गेलात. मला वाचवायला निघण्याआधी एकदा विचारलं असतंत तर? मजकूर लिहून दिला होता. खाली रेघसुद्धा मारून दिली होती, सहीसाठी.

ते निवेदन बदलून घ्या. इंटरव्ह्यू बारा मार्चला आहे.

गुळाच्या वड्यांसाठी काकूंना थँक्यू सांगा. मी येणार नाही.

दीक्षा ओव्हाळ


कोथरूड,
२४ फेब्रुवारी

दीक्षा,

पन्नास वर्षांत कुणी मला असं पत्र लिहिलं नाही. मी तुझ्यासाठी आयुष्यभराची अब्रू पणाला लावली, आणि तू म्हणतेस मी चोरी केली. छान.

तरीही संपादकांना विचारलं. ते म्हणतात, प्रसिद्ध झालेलं निवेदन बदलायचं तर दोन्ही लेखकांच्या सहीचं नवं निवेदन हवं, ते पुन्हा तपासलं जाईल, काही आठवडे लागतील. तोवर तुझा इंटरव्ह्यू होऊन गेलेला असेल. मग उपयोग काय? आहे ते राहू दे. समितीतली माणसं सुज्ञ आहेत, त्यांना खरं काय ते कळेल.

वासंतीला तुझं पत्र दाखवलं. तुझी समजूत घालेल अशी आशा होती. तिने चष्मा पुसला आणि "बरोबर लिहिलंय" एवढंच म्हणून ती भाजी निवडायला गेली.

श्या. मेहेंदळे


वारजे,
१४ मार्च

सर,

निवड झाली नाही. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते.

समितीतली सुज्ञ माणसं कशी वागली ते ऐका. मी पहिली स्लाइड लावली, मोठ्या पेटीची. अध्यक्षांनी हात वर करून थांबवलं. "मेहेंदळे सरांचं निवेदन आम्ही सगळ्यांनी वाचलं. फार मोठं मन दाखवलं त्यांनी." दुसरे म्हणाले, "आजकाल असं कोण करतं?" तिसऱ्यांना तुमचं एक जुनं व्याख्यान आठवलं. बराच वेळ ते तिघं तुमच्या मनाबद्दल बोलत होते आणि मी हातात पॉइंटर धरून उभी होते. माझ्या आयुष्यातल्या शेवटच्या इंटरव्ह्यूमध्ये मी तुमचा सत्कार पाहिला.

मग विचारलं, "या सगळ्यात तुमचं स्वतःचं काय?" मी म्हटलं, चूक मी शोधली. अध्यक्ष हसले. रागावून नाही हो, अगदी मायेने. म्हणाले, "बाई, गुरूंनी तुमच्यासाठी एवढं केलं. निदान ते श्रेय तरी त्यांच्याकडे राहू द्या."

मी फळ्यावर पेटी काढली. शेपटी काढली, शेजारची प्रत काढली. एका बाईंनी मन लावून ऐकलं, प्रश्नही विचारले. बाकीचे घड्याळ बघत होते.

रिक्षात रडले. दुःखाने नाही, निव्वळ संतापाने. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काही चुकलं का गं तुझं?"

तुमच्यावर मी रागावलेली आहे. तुम्ही वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

दीक्षा ओव्हाळ


कोथरूड,
९ एप्रिल

दीक्षा,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा त्यात मी कसा बरोबर होतो हेच उतरलं, म्हणून पाठवलं नाही.

मधे एक गोष्ट घडली. इथल्या एका विज्ञान मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय 'संशोधनातील प्रामाणिकपणा'. माझं निवेदन वाचून त्यांना गहिवरून आलं म्हणे. मी कळवलं की ती चूक डॉ. दीक्षा ओव्हाळ यांनी शोधली, मला ती दिसलीही नव्हती, तेव्हा त्यांनाच बोलवा. वाटलं, त्यांना आनंद होईल. उत्तर आलं, अतिशय नम्र: "आपला विनय अनुकरणीय आहे. तथापि या विषयावर अधिकाराने बोलू शकेल असे ज्येष्ठ नाव श्रोत्यांना अपेक्षित असते. तसेच स्वतःच्याच चुकीविषयी त्यांना बोलावणे योग्य दिसेल का, असाही प्रश्न आमच्या काही सभासदांनी उपस्थित केला."

मी पुन्हा वाचलं. मी बोललो तर विनय आणि तू बोललीस तर योग्य दिसणार नाही. एकच पेटी, एकच शेपटी. हे तू मला फेब्रुवारीतच लिहिलं होतंस, स्वच्छ अक्षरांत. मला वाटलं होतं की मला ते पटलं. मला फक्त तुझी दया आली होती, दीक्षा. पटलं आत्ता, ते एका अनोळखी माणसाच्या सभ्य पत्राने, आणि याची मला फार शरम वाटते. तुझं पत्र पुरायला हवं होतं.

व्याख्यानाला नकार कळवला आहे. समितीच्या अध्यक्षांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर नाही, आणि ते येणार नाही हे मला माहीत आहे. नोकरी मी परत आणू शकत नाही.

नव्या निवेदनाचा मजकूर खाली देतो. सह्यांच्या जागी तुझं नाव पहिलं ठेवलं आहे.

"आमच्या पेपरातील मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. सिम्युलेशनची पेटी लहान असल्याने विकराची शेपटी शेजारच्या प्रतीतील रेणूवर बसत होती. ही चूक माझ्या विद्यार्थिनी डॉ. दीक्षा ओव्हाळ यांनी शोधली, सिद्ध केली आणि मला कळवली. ती माझ्या लक्षात आल्याचे मी आधीच्या निवेदनात म्हटले होते, ते खरे नव्हते. हे काम माझ्या सूचनेनुसार झाले होते, हेही खरे नव्हते."

मी सही केली आहे. पण संपादकांकडे पाठवलेलं नाही. तुला काय बदलायचं असेल ते बदल, आणि तू सांगितल्यावरच पाठवेन.

श्यामसुंदर मेहेंदळे


वारजे,
१० एप्रिल

सर,
जय भीम.

मजकूर वाचला. "माझ्या विद्यार्थिनी" एवढं खोडलं आहे.

बाकी बरोबर आहे. पाठवा.

दीक्षा ओव्हाळ